झडतीचीही झडती हवी

अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक विमानप्रवाशाची झडती सक्तीची झाली. आदल्या वर्षी तेथे विमान पळविण्याचे दोन डझनांहून अधिक प्रयत्न झाले होते. पुढे ते एकदम घटले. तेव्हा झडतीचा उपयोगच नाही, असे कोणी म्हणू नये.

पण ती कायद्यात बसते काय? अमेरिकन घटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीस मनाई करते. १९७३ च्या डेव्हिस खटल्यात अपील न्यायालय म्हणाले, शस्त्रे व स्फोटके शोधण्यापुरती झडती चालेल. मात्र ज्याला ती नको, त्याला विमानात न बसता परत जाता आले पाहिजे. २००७ मध्ये ऑकाय खटल्यात त्याच न्यायालयाने, तपासणी सुरू झाल्यावर मागे फिरण्याची मुभा काढून घेतली.

हक्क गेला, बदल्यात काय मिळाले? गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा नकली शस्त्रे व स्फोटके तपासनीसांच्या हातून निसटली. हे २०१५ साली कळले, तेही सरकारने सांगितले म्हणून नव्हे, बातमी फुटली म्हणून!

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिला धडा मिळतो तो हा, की पावतीवाचून खर्च मान्य करू नये. मग नागरिकाने खर्ची घातलेल्या हक्काची पावती कोणी मागायची? झडती बंद करा, असे माझे म्हणणे नाही. परंतु झडती घेणाऱ्यांचेही दरसाल ऑडिट व्हावे, आणि किती चुकले ते लोकांना सांगावे. ज्याचा हिशेब दाखवत नाहीत, त्या वहीवर सही कशी करावी?