नाट्यशाळेतला दिवा

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. अक्षर सुरेख, पण ओळी घाईघाईनं लिहिलेल्या. त्या लिहितात, "पहाटे पाचला उठते. आंघोळ करून देवापुढं दहा मिनिटं डोळे मिटून बसते. मन शांत करायचं म्हणते, तर भाजी, डबे, मुलाची फी, जावेनं चारचौघींत मारलेला टोमणा, सगळं एकदम पुढ्यात येऊन उभं राहतं. उठते तेव्हा बसण्याआधी होते त्याहून जास्त वैतागलेली असते. माझ्याच मनात काही खोट आहे का?"

ताई, खोट काही नाही. आपण सगळ्याच हे करतो. मनाला गप्प करायला बसतो आणि ते गप्प बसत नाही म्हणून त्याच्यावरच रागावतो. तान्ह्या मुलाला "झोप म्हणते ना!" असं दटावलं तर ते झोपतं का? त्या दटावण्यानंच आणखी टक्क जागं होतं.

म्हणून आज मन शांत कसं करावं हे मी सांगणारच नाही. त्याऐवजी एक प्रश्न विचारते. मनात गडबड चालली आहे, हे कळतं कुणाला?

तुम्ही म्हणाल, हे काय शब्दांचे खेळ! पण जरा पाहा हं. जावेचा टोमणा आठवला, राग आला. राग आला हे कळलं, म्हणून तर तो पत्रात लिहिता आला. मग भाजीची आठवण झाली, तीही कळली. राग गेला, भाजी गेली, फी आली. येणारं-जाणारं बदलत राहिलं, कळणं मात्र तिथल्या तिथंच होतं. आता सांगा, ते कळणं स्वतः रागावलेलं होतं का?

बी. ए.ला माझा तत्त्वज्ञान विषय होता. तेव्हा 'पंचदशी' थोडीफार वाचावी लागली होती. १४व्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ विद्यारण्यस्वामींच्या नावानं ओळखला जातो. प्रकरणं पंधरा, म्हणून पंचदशी. त्यातल्या दहाव्या प्रकरणाचं नाव 'नाटकदीप'. नाट्यशाळेत एक दिवा तेवतो आहे. त्याच्या उजेडात यजमान बसला आहे, प्रेक्षक बसले आहेत, नर्तकी नाचते आहे, साथीदार साथ करताहेत. दिवा सगळ्यांवर सारखाच उजेड टाकतो. यजमानाला जास्त आणि साथीदाराला कमी, असं त्याच्यापाशी नाही. खेळ संपून सगळे उठून गेले, तरी रिकाम्या शाळेत दिवा तेवतच राहतो. ग्रंथकार सांगतात की यजमान म्हणजे आपला अहंकार, 'मी केलं, मला बोलले' म्हणणारा. प्रेक्षक म्हणजे विषय, नर्तकी म्हणजे बुद्धी, आणि साथीदार म्हणजे इंद्रियं. या सगळ्यांना उजळणारा दिवा म्हणजे साक्षी, म्हणजेच आपल्यातलं जाणणारं चैतन्य.

परीक्षेत हे उत्तर मी झकास लिहिलं, गुणही मिळवले आणि विसरून गेले. ते पुन्हा आठवलं तो प्रसंग काही माझ्या मोठेपणाचा नाही. तरी सांगते.

आमच्या सासूबाई शेवटचे सात-आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. सकाळी घर आणि डबे, दुपारी माझे शाळेचे तास, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, आणि रात्री त्यांच्यासाठी दोन-तीनदा उठणं. एका रात्री तीनच्या सुमारास हाक आली. तासापूर्वी बदललेली चादर पुन्हा ओली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मुद्दाम करता का हो हे?" त्या काही बोलल्या नाहीत. पदर तोंडावर ओढून घेतला.

मी चादर बदलली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून खाली बसले. आधी नुसता राग होता. जाऊबाई लांब राहतात, यांना झोपमोड नको, सगळं माझ्याच माथी! मग राग ओसरला आणि शरम दाटून आली. पदरानं झाकलेला तो चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. किती वेळ गेला कोण जाणे, शरमही ओसरली आणि नुसता थकवा उरला. समोर देवघरात समईची वात अजून मिणमिणत होती. ती पाहता पाहता, इतक्या वर्षांनी, 'नाटकदीप' आठवला. राग आला, तो कळला. शरम आली, ती कळली. आता थकवा आहे, तोही कळतो आहे. तिघं येऊन गेले, समई आहे तिथंच आहे.

मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही हं! पाय दुखतच होते. पण 'मी वाईट बाई आहे' हे जे वाक्य धोंड्यासारखं छातीवर बसलं होतं, ते जरा बाजूला सरकलं. तेही एक आलेलं वाक्यच होतं. आणि ते बाजूला सरकल्यावर मला माझ्याऐवजी सासूबाई दिसायला लागल्या.

सकाळी चहा घेऊन गेले. म्हटलं, "आई, रात्री मी बोलले ते चुकलं." त्या म्हणाल्या, "अगं, मलाच लाज वाटते बघ. पण काय करू?"

लाज! मलाही रात्रभर तीच खात होती. त्यांचं शरीर ऐंशीच्या घरातलं, माझं पस्तिशीचं. त्या अंथरुणावर, मी पायांवर. पण लाज वाटते हे जे त्यांना आतून कळत होतं आणि मलाही कळत होतं, त्या कळण्याला वय होतं का? ते कळणं सासूचं वेगळं आणि सुनेचं वेगळं होतं का? वाती दोन होत्या, पण उजेडातून ही रेघ माझी आणि ही तुमची असं काही वेगळं काढून दाखवता आलं नसतं. अद्वैत, अद्वैत म्हणतात ते असंच काही असेल का, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

आता पुढचं ऐका, कारण खरं महत्त्वाचं तेच आहे. त्याच संध्याकाळी मी यांना सांगितलं, "अहो, रोज रात्री उठणं माझ्याच्यानं होत नाही. एक रात्र मी, एक रात्र तुम्ही." आवाज चढवला नाही, रडलेही नाही. हे जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस?" आधी दहादा सांगितलं होतं मैत्रिणींनो, पण दर वेळी भांडणाच्या भरात. तेव्हा यांना फक्त भांडण ऐकू यायचं. त्या दिवसापासून मात्र एकाआड एक रात्र हे उठू लागले. पहिल्या रात्री चादर उलटी घातली, पण घातली!

साक्षीभाव म्हणजे सोसणं नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. बायकांना "सगळी माया आहे, तू नुसती साक्षी राहा" असं ऐकवून गप्प बसवणारी माणसं काही कमी नाहीत. घरात हात उगारला जात असेल, अपमान रोजचाच झाला असेल, तर तिथं डोळे मिटून बसायचं नाही. माहेरची, शेजारची, कायद्याची, मिळेल ती मदत घ्यायची. देवघरात दिवा तेवतो आहे म्हणून घराला लागलेली आग कुणी विझवत नाही का? तसंच, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच जीव रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. वेदान्त औषधाच्या आड येत नाही.

आता कुणी विचारेल, हा साक्षी खरोखर आहे याला पुरावा काय? पुरावा आपल्या रोजच्या झोपेत आहे. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं. त्यात जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप अशा तीन अवस्था सांगून, या तिन्हींपलीकडचं जे 'चौथं', ते ओळखा असं म्हटलं आहे. आपण सकाळी उठून म्हणतो, "काय गाढ झोप लागली! काही म्हणून कळलं नाही." आता गंमत पाहा. झोपेत मन नव्हतं, नवरा-मुलं नव्हती, जावेचा टोमणाही नव्हता. मग काही नव्हतं आणि छान होतं, ही साक्ष दिली कुणी? वेदान्ती सांगतात, मन मिटलं होतं, जाणणारा मिटला नव्हता. यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातले आहेत. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. झोपेतल्या त्या सुखासाठी आपण काय केलेलं असतं? ना व्रत, ना उपास. मन जरा बाजूला झालं, एवढंच. म्हणजे शांती बाहेरून कमावून आणायची वस्तू नव्हे. ती घरातच आहे, वर पसारा पडला आहे इतकंच.

"हे सगळं संन्याशांसाठी ठीक आहे हो, आम्हां संसारी बायकांना कुठलं जमायला!" असंही मनात येईल. तर गिरगावातली गोष्ट ऐका. निसर्गदत्त महाराजांचं नाव पुष्कळजणींनी ऐकलं असेल. संसारातलं नाव मारुती कांबळी, जन्म १८९७ चा. विड्यांचं दुकान, बायको, एक मुलगा आणि तीन मुली. १९३३ मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. 'मी आहे' एवढी जी जाणीव आहे, तिथं लक्ष ठेव, ही गुरूंची शिकवण. दुकान सांभाळून त्यांनी ती मनापासून पाळली. गुरू गेल्यावर १९३७ मध्ये घर सोडून भ्रमंतीला निघाले, पण पुढच्याच वर्षी परत आले आणि पुन्हा दुकानात बसले. पुढं खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर देशोदेशीची माणसं त्यांना ऐकायला येत. महाराज मराठीत बोलत, दुभाषे ते परक्यांना समजावून सांगत. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेलं त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक 'आय ॲम दॅट' १९७३ मध्ये निघालं आणि जगभर गेलं. १९८१ मध्ये घशाच्या कर्करोगानं महाराज गेले. म्हणजे पाहा, दुकान चुकलं नाही, आजार चुकला नाही. बदललं ते एवढंच, की यातलं काहीही 'मी' नव्हे हे त्यांना पक्कं कळलं होतं. पोटमाळ्यावर जे कळतं, ते स्वयंपाकघरात का कळू नये?

आता करायचं काय, तर तीन साध्या गोष्टी सांगते. वेगळा वेळ काढायला नको.

पहिली, दूध तापवताना. दूध वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहावं लागतंच. तेवढी मिनिटं मनात काय येतं ते येऊ द्या, हाकलू नका. फक्त एकदा विचारा, हे कळतं आहे कुणाला? उत्तर शब्दांत शोधू नका. विचारून नुसतं थांबा.

दुसरी, राग आल्यावर. 'मी रागावले' असं म्हणण्याऐवजी मनाशी म्हणा, 'राग आला आहे आणि तो मला कळतो आहे.' एवढ्यानं राग जाईलच असं नाही. पण राग आणि आपण यांच्यात बोटभर जागा होते. मग बोलायचं ते जरूर बोला. त्या बोटभर जागेतून निघालेलं बोलणं समोरच्याला ऐकू जातं, हा माझा अनुभव आहे.

तिसरी, सकाळी जाग आल्याबरोबर. कामांची यादी, नाव, नाती आठवण्याआधी एक निमिष असं असतं की 'आहे' एवढंच असतं. तिथं दोन श्वास थांबा. मोबाईल दोन श्वासांनंतर घेतला तरी चालतो!

आणि पत्र लिहिणाऱ्या ताई, उद्या पहाटे देवापुढं बसाल तेव्हा भाजी आणि जाऊबाई पुन्हा येतील. येऊ द्या. नाट्यशाळा आहे, मंडळी येणारच. मन शांत झालं की नाही हे तपासत बसू नका. ते तपासणारंही मनच. समोर निरांजन तेवत असेल, त्याच्याकडं एकदा पाहा. कोण आलं आणि कोण गेलं, याचा हिशेब ते ठेवत नाही.

सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. ती रात्र मला अजून आठवते आणि आठवली की अजून लाज वाटते. पण आता ती लाज येते, थोडा वेळ बसते आणि जाते. मी तिला अडवत नाही.

तुम्हांला काय अनुभव येतो ते जरूर कळवा. आणि हो, विचार पाहता पाहता दूध उतू गेलं, तर मला बोल लावू नका हं!