‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? फसलेल्या अर्जाचीही पावती मिळायला हवी

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ चिखली असो की मेहकर, लोणार असो की संग्रामपूर, सेतू केंद्राच्या काउंटरवर हे वाक्य कधीच ऐकले नाही असा माणूस बुलढाणा जिल्ह्यात शोधावा लागेल. पूर्वी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य जे काम करायचे, तेच आता हे करते. ऐकणारा निमूट परत फिरतो. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि अर्जाची मुदत एक दिवसाने कमी होते.

गंमत अशी, की अनेकदा सर्व्हर डाऊन नसतोच. तो चालू असतो, त्याच मिनिटाला इतरांचे अर्ज घेत असतो. फक्त या एका अर्जावर प्रोग्राम अडखळलेला असतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ‘रनटाइम एक्सेप्शन’ म्हणतात. म्हणजे प्रोग्राम लिहिताना आणि तपासताना सगळे ठीक होते, पण चालू असताना अशी एक परिस्थिती समोर आली जिचा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता.

सातबारा जोडला नाही, तर काय होते?

समजा, तलाठी कार्यालयात एक अर्ज आला. त्यात लिहिले आहे, ‘सोबत जोडलेला सातबारा पाहावा.’ पण सोबत काहीच जोडलेले नाही. कारकून काय करेल? शेरा मारेल, अर्जदाराला बोलावेल, नाहीतर अर्ज बाजूला ठेवून पुढचा घेईल. प्रोग्रामला एवढे तारतम्य नसते. ‘सोबत पाहावे’ म्हटले की तो पाहायला जातो, तिथे काही नसले की जागच्या जागी थांबतो. याला ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ म्हणतात. सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात जास्त भेटणाऱ्या चुकांपैकी ही एक. ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ हे दाखवणारी खूण, ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका प्रोग्रामिंग भाषेत आणली. पुढे २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

ही चूक फक्त सरकारी पोर्टलची मक्तेदारी नाही. १२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउडच्या सेवा जगभर काही तास कोलमडल्या. कारण काय, तर एका धोरण-नोंदीत काही रकाने रिकामे होते, ती नोंद काही सेकंदांत सगळीकडे पोहोचली आणि ती वाचणारा प्रोग्राम रिकाम्या जागेवर आपटून बंद पडत राहिला. तो कोड २९ मे रोजीच बसवला होता. दोन आठवडे तो शांत होता, कारण तोपर्यंत रिकामा रकाना त्याच्यासमोर आलाच नव्हता. ‘काल तर चालत होते’ या वाक्यात काही दम नसतो, तो यासाठीच.

मराठी वापरणाऱ्यांसाठी याहून जवळचे उदाहरण आकड्यांचे आहे. एखाद्याने अर्जात गट क्रमांक मराठी अंकांत, १२३ असा, भरला. पायथॉन आणि जावा या भाषा हे मराठी अंक ओळखून त्याची संख्या करतात. जावास्क्रिप्टला मात्र ती संख्या वाटतच नाही. ती उत्तर देते, ‘ही संख्या नाही.’ आता ब्राउझरमध्ये चालते ती जावास्क्रिप्ट आणि मागे सर्व्हरवर बऱ्याचदा जावा. एकाच अर्जाबद्दल पुढच्या आणि मागच्या खिडकीचे मत वेगळे. त्यात गट क्रमांक ४५/२ किंवा ४५/२/अ असेल, तर ती कोणत्याच भाषेत संख्या नाही, तो मजकूर आहे. ज्याने कधी सातबारा हातात धरलेला नाही, तो त्या रकान्याला ‘संख्या’ ठरवून मोकळा होतो. मग शेतकरी रात्री अकरा वाजता तोच अर्ज पाचव्यांदा भरत बसतो.

स्क्रीनवरचा आकडा कोणाकडे बोट दाखवतो?

पोर्टल अडखळले की बऱ्याचदा स्क्रीनवर तीन अंकी आकडा येतो. तो वाचायला इंजिनिअर असावे लागत नाही. आकडा ४ ने सुरू झाला, तर सर्व्हरचे म्हणणे असते की आलेल्या मागणीत काहीतरी चुकले आहे. ४०१ म्हणजे लॉगिन संपले, पुन्हा करा. ४०४ म्हणजे ते पान त्या पत्त्यावर नाही. ४१३ म्हणजे पाठवलेली फाइल मोठी आहे, बहुधा फोटो किंवा पासबुकचे स्कॅन. ४२९ म्हणजे एकाच ठिकाणाहून फार भराभर विनंत्या आल्या. सेतूमध्ये एकाच इंटरनेट जोडणीवर चार संगणक चालत असतील, तर तेही कारण होऊ शकते.

आकडा ५ ने सुरू झाला, की चूक त्यांच्याकडची. ५०० म्हणजे आतला प्रोग्राम अडखळला. आपण वर पाहिलेले एक्सेप्शन ते हेच. ५०२ म्हणजे दारावरच्या सर्व्हरला आतल्या सर्व्हरकडून धड उत्तर आले नाही. ५०३ म्हणजे गर्दी किंवा देखभाल. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतात ते इथे. ५०४ म्हणजे वाट पाहून वेळ संपला.

यातला ५०४ सर्वात फसवा. उत्तर आले नाही, याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. अर्ज आत नोंदला गेला असेल, पैसे कापले गेले असतील आणि फक्त ‘झाले’ हे सांगणारा निरोप वाटेत हरवला असेल. अशा वेळी पुन्हा ‘सबमिट’ दाबले तर दुहेरी अर्ज होतो, आणि दुहेरी अर्ज पुढे छाननीत बाद होण्याची भीती. म्हणून आधी ‘अर्जाची स्थिती’ आणि बँकेचा मेसेज पाहावा, मगच पुन्हा बटणाला हात लावावा. खरे तर ही काळजी अर्जदाराने नव्हे, पोर्टल बनवणाऱ्याने घ्यायची असते. प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच एक खूण द्यायची आणि तीच खूण पुन्हा आली तर नवा अर्ज न करता जुन्याचेच उत्तर द्यायचे. ही पद्धत नवी नाही आणि महागडीही नाही.

न अडखळणारा प्रोग्राम जास्त घातक

आता उलट बाजू. एक्सेप्शन म्हणजे प्रोग्रामने प्रामाणिकपणे थांबणे. ‘मला हे कळले नाही, मी पुढे जात नाही’ असे तो सांगतो. वैताग येतो, पण नुकसान तिथेच थांबते. खरा घात होतो तो जिथे थांबायला हवे होते तिथे प्रोग्राम थांबत नाही तेव्हा.

महाराष्ट्राने याचा मोठा अनुभव २०१७ मध्ये घेतला. २४ जूनला राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे कर्ज माफ होणार होते आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ मिळेल असे सांगितले होते. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर ऑनलाइनच भरायचे होते. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात वर्षानुवर्षे घेतले जाते, त्यात बुलढाणा आहे. इथे त्या अर्जाला काय वजन होते, हे वेगळे सांगायला नको. नवरा-बायको दोघे अंगठा लावायला केंद्रावर रांगेत उभे राहत होते. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर याद्यांमधला घोळ बाहेर आला. अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक, एकच बचत खाते. तपासणी पुन्हा करावी लागली, पैसे खात्यात पडायला वेळ गेला.

एकाच आधार क्रमांकावर दुसरे नाव आले तेव्हाच कुठेतरी प्रोग्रामने ‘थांबा’ म्हणायला हवे होते. ते म्हटले गेले नाही, किंवा म्हटले गेले आणि कोणी ऐकले नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांत ही वाईट सवय सर्रास दिसते. एक्सेप्शन पकडायचे, त्याचे काहीच करायचे नाही, नोंदही ठेवायची नाही आणि पुढे जायचे. डेमोच्या दिवशी स्क्रीन हिरवी दिसते. त्याची किंमत महिन्याभराने दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

त्यानंतरही मुदतीच्या तोंडावर पोर्टल अडखळण्याचा सिलसिला थांबला नाही. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला आणि शेवटच्या दिवसांत एवढी गर्दी झाली की ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनाच अडचण मान्य करावी लागली. पुढे ती मुदतही ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

मुदतवाढ हा उपाय नाही, ती कबुली आहे. आणि ती कबुलीही घाऊक असते. नेमक्या कोणाचा अर्ज, कोणत्या दिवशी, कोणाच्या चुकीने अडला, हे तिच्यात कुठेच नसते. मुदतवाढ मिळाली नाही, तर तो माणूस हिशेबातून कायमचा बाहेर.

कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही

खरी गोम इथे आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, ती मिळाली नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून, आणि अर्ज दाखल झाल्याचा पुरावा म्हणजे पोचपावतीवरचा क्रमांक. पोर्टलने ५०० दाखवले तर क्रमांकच तयार होत नाही. क्रमांक नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे उशीर नाही, उशीर नाही म्हणजे अपील कशाचे? कागदाच्या जमान्यात कारकुनाने अर्ज घ्यायला नकार दिला, तर माणूस तो रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती खिशात ठेवायचा. ऑनलाइन जमान्यात ती पळवाटही उरली नाही.

म्हणून फसलेल्या प्रयत्नाचीही पावती मिळाली पाहिजे. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. बऱ्यापैकी बांधलेले कोणतेही पोर्टल प्रत्येक एक्सेप्शनची नोंद स्वतःच्या लॉगमध्ये ठेवते. किती वाजता, कोणत्या पानावर, कोडच्या कोणत्या ओळीवर, कोणत्या कारणाने. त्या नोंदीला एक क्रमांक असतो. इंजिनिअर दोष शोधायला बसतो तेव्हा तोच क्रमांक पकडून मागे जातो. तो क्रमांक स्क्रीनवर दाखवायचा आणि एसएमएसने पाठवायचा, एवढेच करायचे आहे. कोडची आतली ओळ मात्र दाखवू नये. काही पोर्टल तीही उघडी टाकतात, ती हॅकरच्या कामाची असते. शेतकऱ्याला फक्त क्रमांक, तारीख आणि वेळ पुरे. आतला सर्व्हर पूर्ण बंद असेल, तर दारावरचा सर्व्हरही अशी पावती देऊ शकतो. तो बऱ्याचदा चालूच असतो, नाहीतर ५०२ दाखवले कोणी?

आणि मुदतीच्या आतल्या तारखेची अशी पावती ज्याच्याकडे असेल, त्याचा अर्ज मुदत संपल्यावरही काही दिवस स्वीकारला जावा. सरसकट मुदतवाढीची वाट कशाला पाहायची?

दुसरी मागणी त्याहून साधी. गुगलने जूनमधल्या त्या बिघाडानंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. काय बिघडले, का बिघडले, पुढे काय बदलणार, सगळे त्यात आहे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर कोलमडली, तेव्हा तिने त्याच दिवशी कारण लिहून टाकले. एक फाइल ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्राम सावरण्याऐवजी बंद पडला. शेअर बाजारात नाव असलेल्या कंपन्या आपली फजिती जाहीर लिहितात. करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या पोर्टलबद्दल मात्र ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांपलीकडे काही हाती लागत नाही. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था जिल्ह्यातच आहेत. असे अहवाल उघड असते, तर अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विद्यार्थ्यांना अमेरिकेतले जुने डेटासेट शोधत बसावे लागले नसते.

पावतीवर एक आक्षेप हमखास येईल. लोक आळस करतील आणि सर्व्हरच्या नावावर खपवतील. पण तसे खपवता येणारच नाही, कारण पावतीचा क्रमांक सर्व्हरच्या लॉगशी जुळावा लागेल. अर्जदार खोटे बोलला तर तिथे उघडे पडेल. आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणणारा काउंटर खोटे बोलला, तर तोही.

तोवर हातात आहे ते करावे. चूक दिसताच स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात वेळ, पोर्टलचा पत्ता आणि तो तीन अंकी आकडा दिसला पाहिजे. तक्रारीसोबत तो पाठवताना आधार क्रमांक झाकावा. सेतूमध्ये असाल, तर चालकाला स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगावी. सरकारने ठरवलेले शुल्क देऊन आलेल्या माणसाला तेवढे पाहायचा हक्क आहे.