प्रमाणपत्रांचा जकातनाका

संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या तरुणाकडे आज पदवीच्या जोडीला खासगी प्रमाणपत्राची मागणी होते. त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित ते ‘सीआयएसएसपी’. अमेरिकेतील ‘आयएससी-टू’ ही संस्था ते १९९४ पासून देत आहे. परीक्षेचे शुल्क ७४९ डॉलर, म्हणजे ६० हजार रुपयांहून अधिक. उत्तीर्ण झाल्यावरही सुटका नाहीच. दरवर्षी शंभराहून अधिक डॉलरची वर्गणी भरावी लागते, शिवाय दर ३ वर्षांत १२० तासांच्या अभ्यासाचा हिशेब द्यावा लागतो. वर्गणी थकली की ज्ञान शाबूत राहते, पात्रता तेवढी जाते!

बाजाराला माणसांची पारख हवी असते, हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अगदीच खोटे नाही. ज्या आडगावच्या महाविद्यालयाकडे बड्या कंपन्या फिरकतही नाहीत, तेथून आलेल्या मुलीला असा कागद एखादे दार उघडून देतो, आणि तिच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. परंतु मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिले होते की, पात्रतेच्या निशाणीने कामाची उत्पादकता तिळमात्र वाढली नाही तरी ती बाळगणाऱ्याला जास्त वेतन मिळू शकते. उमेदवाराचा लाभ आणि समाजाचा लाभ एकच, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ही मागणी सर्वस्वी बाजारातून उपजलेली आहे, असेही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ साली आपल्या सुरक्षा-कर्मचाऱ्यांवर ठरावीक प्रमाणपत्रे बंधनकारक केली. मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशात खासगी परीक्षांना गिऱ्हाईक पुरवले ते सरकारी हुकमाने!

पारख तरी कशाची होते? ‘सीआयएसएसपी’ची परीक्षा ३ तासांची, पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरे निवडायची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले आणि दोन दिवसांनी परदेशी खात्यात रक्कम वळती झाली. एकूण फटका ९४ कोटींचा. अशा वेळी व्यवहारांचा विपरीत ओघ चटकन ओळखणारी नजर लागते. ती जाणत्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून, पगारी वेळेत कमवावी लागते. खुद्द या प्रमाणपत्रासाठीही ५ वर्षांच्या कामाची अट आहे, पदवीधराला त्यात एक वर्षाची सूट. म्हणजे अनुभव हाच खरा गुरू, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही मान्य आहे. तो अनुभव देण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

मुद्दा आहे तो इथे. कामगाराला शिकवण्याचा खर्च एकेकाळी मालकाच्या खात्यावर पडत असे. आता तो उमेदवाराच्या बापाच्या कर्जखात्यावर चढला आहे. यंत्रशाळेतील मुलासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे; मालकाने शिकवावे आणि शिकताना विद्यावेतनही द्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. मग संगणकावर पहारा करणाऱ्या मुलाने स्वतःच्या खिशातून डॉलर का मोजावेत? ज्या कंपनीला प्रमाणपत्र हवे तिने शुल्क व वार्षिक वर्गणी भरावी, अभ्यासाचे तास कामाच्या तासांत धरावेत. आणि पुण्यात १९८८ पासून सरकारी ‘सी-डॅक’ उभी आहे. तिच्याकडून प्रत्यक्ष यंत्रावर घेतली जाणारी, अल्प शुल्काची सार्वजनिक परीक्षा घेववून सरकारी बँकांनी व खात्यांनी प्रथम ती ग्राह्य धरावी.