कुंपणाने वाचवले, गवताने जगवले

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील मराठी घरी पाहुणे आले, की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस भेडाघाट आणि मग मंडलामार्गे साधारण 160 किलोमीटरवरचे कान्हा! तिथे प्रत्येकाला वाघ पाहायचा असतो. तो दिसला नाही, तर ‘काहीच दिसले नाही’ म्हणत मंडळी परततात. कुरणात उभ्या असलेल्या तांबूस-पिवळ्या बारशिंग्याची मात्र कोणी गणतीच करत नाही. खरे तर तो वाघाहूनही दुर्मिळ आहे.

बारशिंगे तराईच्या प्रदेशात आणि आसामातही आहेत. पण ते दलदलीत वावरणारे, पसरट खुरांचे. मध्य भारतातील बारशिंग्याचे खूर घट्ट, टणक जमिनीवर चालण्याजोगे असतात. ही उपजात 1970 च्या सुमारास फक्त कान्ह्यात उरली होती आणि तिची संख्या होती अवघी 66!

असे का झाले? शिकार हे एक कारण होतेच. पण दुसरे कारण अधिक खोल होते. बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. चितळासारखा तो पाला-फळांवर भागवून घेत नाही. मादीला वर्षाला एकच पाडस होते आणि ते ती उंच गवतात लपवून ठेवते. कुरणे नांगरली गेली, गुरांनी चरून संपवली, वणव्यात जळली, की खायलाही काही नाही आणि लपायलाही जागा नाही.

मग वनखात्याने कान्ह्यातच कुंपण घातलेला वाडा तयार केला. काही बारशिंगे त्यात ठेवले. आत भरपूर गवत होते आणि वाघ-बिबट्याला मज्जाव होता. पाडसे जगू लागली. वाढलेली जनावरे पुढे बाहेरच्या कुरणात सोडण्यात आली.

पण बाहेर कुरणच नसते, तर सोडायचे कुठे? त्याचे उत्तर माणसांनी दिले. 1969 च्या सुमारास सौंफ हे गाव जंगलातून हलवण्यात आले. एम. के. रणजितसिंह तेव्हा मंडल्याचे जिल्हाधिकारी होते. गावाच्या शेतांवर गवत माजले आणि बारशिंगे तिथे परतले. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाल्यावर आणखी गावे उठली. त्यांत बैगा आणि गोंड कुटुंबे होती. आज मध्य प्रदेशच्या या राज्यप्राण्याची संख्या हजाराच्या घरात गेली आहे.

तरीही सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवणे धोक्याचे! एखादी साथ आली, तर सारे संपेल. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर हेच घडले. पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या ‘टास्मानियन डेव्हिल’ या प्राण्याला तोंडाच्या सांसर्गिक कर्करोगाने ग्रासल्याचे 1996 साली लक्षात आले. तेव्हा निरोगी जनावरे वेगळी काढून त्यांची पैदास करावी लागली. 2012 साली त्यांतील काही मारिया बेटावर सोडण्यात आली.

कान्ह्याने ही वेळ येण्याआधीच पाऊल उचलले. 2015 पासून सातपुड्यात आणि 2023 पासून बांधवगडमध्ये बारशिंगे नेण्यात आले. हे काम नाजूक असते. धरपकडीच्या भीतीनेही हरीण दगावते. म्हणून आफ्रिकेतील ‘बोमा’ पद्धत वापरतात. नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे आडोशाचे कुंपण उभारायचे. त्यातून कळप पुढे पुढे सरकत थेट ट्रकमध्ये चढतो. कोणी अंगाला हातही लावत नाही.

ही कहाणी सांगताना वनखात्याचे आणि शास्त्रज्ञांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. मात्र आज ज्या कुरणात बारशिंग्याचे पाडस निर्धास्त लपते, तिथे एके काळी कुणाची तरी चूल पेटत होती, कुणाच्या तरी कोदो-कुटकीचे शेत डोलत होते. एक प्राणी वाचवण्यासाठी आपले गाव सोडणाऱ्यांना नव्या जागी पुरेशी जमीन, पाणी, शाळा आणि जंगलातच रोजगार मिळतो का, हे पाहणे संवर्धनाचाच भाग आहे. कुंपण सरकारला बांधता येते. पण त्याबाहेरचे गवत टिकते ते शेजारच्या गावांच्या राजीखुशीवर.