टॉवर उभा, रेंज फुल्ल, तरी फोन मुका : ५जीच्या ‘मेंदू’चं काय?

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडलीय. दाराजवळ कशीबशी उभं राहायला जागा मिळालीय, कानात इअरफोन आहेत आणि मित्राशी बोलणं चालू आहे. ठाणं गेलं, घाटकोपर गेलं, दादर आलं. कॉल चालूच.

आता जरा हिशोब करू. गाडी ताशी ७२ किमी वेगाने धावतेय असं धरा. म्हणजे सेकंदाला २० मीटर. दर ५०० मीटरवर नवा सेल लागतो असं मानलं, तर दर २५ सेकंदांनी तुमचा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. तुमच्याच डब्यातले शेकडो फोन त्याच वेळी तेच करत असतात. आणि तुम्हाला ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ असं क्वचितच म्हणावं लागतं.

या हात बदलण्याला हँडओव्हर म्हणतात, आणि फिरत्या फोनचा माग ठेवण्याच्या सगळ्या व्यवस्थेला मोबिलिटी मॅनेजमेंट. ५जीच्या जाहिरातीत स्पीड असतो, ही व्यवस्था कधीच नसते. पण गेल्या काही वर्षांत परदेशात जी मोठी नेटवर्क्स कोसळली, त्यात टॉवर ठणठणीत होते. कोलमडलं ते त्यांच्या मागचं. म्हणून आज त्या मागच्या भागाबद्दल बोलू.

फोन मोजतो, नेटवर्क ठरवतं

कॉल किंवा डेटा चालू असताना कुठल्या टॉवरवर जायचं हे साधारणपणे फोन स्वतः ठरवत नाही. तो फक्त आजूबाजूच्या सेलचे सिग्नल मोजून रिपोर्ट पाठवतो : ‘शेजारचा आता माझ्या सध्याच्या सेलपेक्षा बरा आहे.’ तो काही क्षण सातत्याने बरा राहिला, तरच हा रिपोर्ट जातो. नाहीतर दोन सेलच्या मधोमध उभा असलेला फोन पिंगपाँगच्या चेंडूसारखा इकडून तिकडे उडत राहील. रिपोर्ट पाहून टॉवर निर्णय घेतो आणि फोनला सांगतो, जा तिकडे.

फोन खिशात पडून असतो तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा तो स्वतःच सेल निवडतो आणि प्रत्येक बदल नेटवर्कला कळवत बसत नाही, कारण त्यात बॅटरी जाईल. बऱ्याच सेलचा मिळून एक विभाग केलेला असतो. त्या विभागाबाहेर गेलं की, आणि अधूनमधून ठरावीक वेळाने, फोन आपली हजेरी लावतो : ‘मी इथे आहे.’ तुम्हाला कॉल आला की नेटवर्क त्या विभागातल्या टॉवरवरून तुमच्या नावाने हाक मारतं.

ही हजेरी लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली.

पत्ता तोच, रस्ता नवा

टॉवर बदलला तरी तुमच्या फोनचा आयपी पत्ता बदलून चालत नाही. पत्ता बदलला की चालू व्हिडिओ कॉल तुटणार, गेममधून बाहेर फेकले जाणार. म्हणून पत्ता तोच ठेवून त्या पत्त्याकडे जाणारा रस्ता बदलायचा, ही खरी युक्ती आहे.

त्यासाठी नेटवर्कच्या गाभ्यातलं एक ठिकाण न हलता उभं राहतं. इंटरनेटवरून तुमच्यासाठी आलेला डेटा आधी तिथे येतो आणि तिथून एका बोगद्यातून तुमच्या टॉवरकडे जातो. (बोगदा म्हणजे इथे खरा बोगदा नाही. पाकिटावर दुसरं पाकीट चढवून वर नवा पत्ता लिहायचा, तसं काहीतरी.) टॉवर बदलला की बोगद्याचं टोक बदलतं. मधल्या क्षणात जुन्या टॉवरवर येऊन पडलेला डेटाही वाया जात नाही, जुना टॉवर तो नव्याकडे पाठवून देतो.

प्रश्न असा, की टोक बदलायचा हुकूम कोण देतं?

मेंदू वेगळा, हात वेगळे

पूर्वी प्रत्येक राउटर आपापलं डोकं चालवायचा. डेटा ढकलायचा त्यानेच आणि कुठे ढकलायचा हे ठरवायचंही त्यानेच. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले निक मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनफ्लो मांडलं. कल्पना साधी होती : ठरवणारा मेंदू बाहेर काढा, तो सॉफ्टवेअरमध्ये लिहा आणि यंत्रांना फक्त हुकूम पाळू द्या. यातूनच सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजे एसडीएन, हे नाव रुळलं.

रेल्वेचं उदाहरण घ्या. पूर्वी प्रत्येक स्टेशनच्या केबिनमध्ये माणूस बसून लिव्हर ओढायचा. आता कितीतरी ठिकाणी एका कंट्रोल रूममधून दूरवरचे सांधे बदलतात. रूळ तेच, पण डोकं एका जागी.

मोबाईलच्या गाभ्यातही हेच झालं. आधी ४जीमध्ये ही फारकत करायची सोय आली, आणि ५जीचा गाभा तर पहिल्यापासून याच विचाराने आखला गेला. त्यात एएमएफ नावाचं सॉफ्टवेअर तुमची हजेरी ठेवतं, एसएमएफ तुमचा रस्ता ठरवतं आणि यूपीएफ मुकाट्याने डेटा वाहतं. हे शंभर टक्के ओपनफ्लो नाही, पण तत्त्व तेच आहे. फायदे खरे आहेत. डेटा वाहणारं यूपीएफ तुमच्या शहरात आणून ठेवता येतं, त्यामुळे गेममधला लॅग कमी होतो. मेंदूची ताकद वाढवायची तर नवं यंत्र विकत न घेता सॉफ्टवेअरच्या आणखी प्रती चालू करता येतात.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जीचं उद्घाटन झालं. तेव्हा जिओने हा नवा, स्वतंत्र गाभा घेतला. एअरटेलने आधी ४जीच्याच गाभ्याला ५जी टॉवर जोडून सुरुवात केली. म्हणजे दोन फोनवर ‘५जी’ हीच अक्षरं दिसत असली, तरी त्यांची हजेरी घेणारा मास्तर वेगळा असू शकतो.

जपान, २ जुलै २०२२

पहाटे दीडच्या सुमाराला केडीडीआय या बड्या जपानी कंपनीत देखभालीचं नेहमीचं काम चालू होतं. गाभ्यातला एक राउटर बदलताना सेटिंग चुकलं आणि व्हॉइस कॉलची वाहतूक साधारण १५ मिनिटं अडली. चूक लक्षात आली, जुनी रचना परत आणली. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण त्या १५ मिनिटांत असंख्य फोनची हजेरी चुकली होती. व्होल्टीई फोन तिथे साधारण दर ५० मिनिटांनी हजेरी लावतात. रस्ता उघडताच सगळे एकदम दारात. गर्दीमुळे हजेरी पूर्ण होईना, म्हणून फोन पुन्हा विचारत राहिले आणि त्याने गर्दी आणखी वाढली. त्यात कोण कुठे आहे याची ग्राहकांच्या डेटाबेसमधली नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती जुळेनाशी झाली.

नेटवर्क पूर्ववत व्हायला ६१ तासांहून जास्त वेळ लागला. ३ कोटींहून अधिक जोडण्यांना फटका बसला. आपत्कालीन कॉल, कुरिअरची कामं, काही बँकांची एटीएम, हवामान खात्याची माहिती, सगळीकडे झळ पोचली. चूक १५ मिनिटांची, शिक्षा अडीच दिवसांची.

मी मोबाईल नेटवर्कमध्ये नाही, साधा बॅकएंड इंजिनिअर आहे. पण हे वाचताना पोटात गोळा आला, कारण छोट्या प्रमाणावर हे मी पाहिलंय. आमची एक सर्व्हिस पाच मिनिटं बंद पडली होती. ती चालू केली की सगळे क्लायंट एकदम तुटून पडायचे आणि ती पुन्हा आडवी. शेवटी अर्ध्या क्लायंटना मुद्दाम अडवून ठेवलं, तेव्हा कुठे ती उभी राहिली. आधी बिघडलं होतं ते केव्हाच दुरुस्त झालं होतं. आम्ही तासभर लढलो ते गर्दीशी.

मग प्रती वाढवा की!

‘मेंदू एकच कशाला, दहा ठेवा’ हे पहिलं उत्तर सुचतं. आणि ते बरोबरच आहे. एसडीएनमधला मेंदू एक असतो म्हणजे कारभार एक असतो, मशीन एकच असायला हवं असं नाही. ५जीमध्येही एएमएफचे गट करता येतात, एक पडला तर दुसरा त्याचं काम उचलतो.

पण केडीडीआयकडेही व्होल्टीईसाठी एक नाही, १८ नोड होते. शेवटी सापडलं ते असं, की त्यातले ६ बिघडलेल्या अवस्थेत नको तितके सिग्नल डेटाबेसवर ओतत होते. ते तोडल्यावर बाकीच्यांना श्वास घेता आला. म्हणजे नुसत्या प्रती पुरत नाहीत. त्या सगळ्या ज्या एका वहीवर अवलंबून आहेत, ती वही बुडू नये याची सोय लागते. गर्दीच्या वेळी ‘आता नको, इतक्या वेळाने ये’ असं फोनला सांगायची तरतूद मोबाईलच्या मानकांत आहे. ती किती कडक लावायची आणि तिची तालीम कधी घ्यायची, हे मात्र कंपनीने ठरवायचं असतं.

टॉवर जिवंत, म्हणून धोका

८ नोव्हेंबर २०२३ ला ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस कंपनीच्या गाभ्यातले राउटर माहितीच्या माऱ्यामुळे आपणहून बाजूला झाले. सुमारे १ कोटी ग्राहक जवळपास दिवसभर तुटले.

आपत्कालीन नंबर लावताना स्वतःचं नेटवर्क नसेल, तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल करू शकतो. पण ऑप्टसचे काही टॉवर सिग्नल देतच राहिले. फोनला वाटलं, आपलं नेटवर्क आहे की! तो तिथेच धडका मारत बसला. त्या दिवशी २,१४५ लोकांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत. टॉवर पूर्ण बंद असते, तर यातले बरेच कदाचित लागले असते.

मेंदूशी संपर्क तुटलेल्या टॉवरने गप्प बसायचं असतं, हा धडा तिथून मिळाला.

आणि आपल्याकडे?

ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांत एक चांगली गोष्ट आली. एखाद्या जिल्ह्यात नेटवर्क मोठ्या प्रमाणावर २४ तासांहून जास्त बंद राहिलं, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वैधतेचे दिवस वाढवून द्यायचे. प्रीपेडसाठी हे १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

पण आता ऑप्टसची फूटपट्टी लावा. तो गोंधळ १२ ते १४ तासांचा होता. आपल्या नियमात तो बसलाच नसता. २४ तासांची अट पूर, वादळ, तुटलेली केबल यांसाठी ठीक आहे, त्या दुरुस्त्यांना वेळ लागतो. मेंदूचा बिघाड सहसा काही तासांचाच असतो, फक्त तो एका जिल्ह्यापुरता राहत नाही. तो एका झटक्यात अनेक राज्यांत पसरू शकतो. त्यासाठी मोजमाप वेगळं हवं : किती लोक, किती तास, आणि त्या काळात ११२ लागत होता का.

तसंच इंट्रा-सर्कल रोमिंगचं. वादळात एका कंपनीचा टॉवर पडला तर ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवर घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर चेन्नई परिसरात ही सोय सुरू केली होती. उत्तम सोय आहे. पण तुम्ही कोण, तुमचं सिम खरं की खोटं, हे तेव्हाही तुमच्या मूळ कंपनीच्या गाभ्यालाच विचारलं जातं. तोच उत्तर देत नसेल, तर शेजाऱ्याचा टॉवर काय कामाचा?

तुमच्या हातात काय आहे?

पहिलं, दोन सिम असतील तर ती दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. केडीडीआयच्या प्रकारानंतर २०२३ मध्ये जपानी कंपन्यांनी प्रतिस्पर्ध्याचं नेटवर्क बॅकअप सिम म्हणून विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ड्युअल सिम फोन घरोघरी आहे, पण ऑफर चांगली म्हणून दोन्ही सिम एकाच कंपनीची घेणारेही आहेत.

दुसरं, नेटवर्क सगळ्यांचंच गेलंय हे कळल्यावर दर मिनिटाला एअरप्लेन मोड चालू-बंद करू नका. एकट्या तुमच्या फोनचं बिघडलं असेल तर हा उपाय ठीक आहे. पण सगळ्यांनीच केला, तर प्रत्येक वेळी नवी हजेरी लागते आणि दारातली गर्दी आपणच वाढवतो.

तिसरं, वाय-फाय कॉलिंगवर फार भरवसा नको. तो कॉलही तुमच्या कंपनीच्याच गाभ्यातून जातो. अशा वेळी घरच्या वाय-फायवरून व्हॉट्सॲप कॉल लागायची शक्यता जास्त, अर्थात ते वाय-फाय दुसऱ्या कंपनीचं असेल तर.

चौथं, ११२ लागत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन बिघडलेल्या कंपनीचं सिम बंद करा आणि पुन्हा लावा, किंवा सरळ शेजारच्याचा फोन मागा.

मेंदू आणि हात वेगळे केले ही चूक नव्हती. त्याशिवाय लोकलमधले एवढे फोन सांभाळणं आणखी अवघड गेलं असतं. पण कंट्रोल रूम एका जागी आणली, की ती बंद पडली तर काय करायचं याचाही सराव हवा. पुढच्या वेळी कुणी नवा प्लॅन विकायला आलं, तर स्पीड किती हे विचाराच. सोबत हेही विचारा, की तुमचं नेटवर्क पडलं तर माझा ११२ लागेल का?