तिसऱ्या माणसाला विनंती

सांगलीच्या सराफ पेठेत माझी तीस वर्षं गेली. दुकान लहान आहे. दागिने कारखान्यातून कारागिरांकडून घडवून घेतो. आज मी दोन कारागिरांबद्दल लिहितो आहे आणि विनंती तुम्हाला करतो आहे, कारण अशी दोन माणसं तुमच्याही दुकानात, गल्लीत, घरात असू शकतात.

दोघांची नावं-गावं सांगणार नाही. एक आपल्याच भागातला, ठुशी आणि साज घडवण्यात हात बसलेला. दुसरा बंगाली कारागीर, बारीक कामाचा. पेठ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वैर समजावून सांगायला नको. बंगाली कारागीर कमी मजुरीत काम उचलतात हा इथल्या सोनारांचा राग, आणि काहीही हरवलं की बोट आपल्याकडेच येतं हे त्या परमुलखातल्या पोरांचं दुखणं. एका कारखान्यात चार हातांवर बसून दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

त्यात एका दिवाळीच्या तोंडावर हिशेबात दीड ग्रॅम सोनं कमी आलं. घट आमच्या धंद्यात रोजचीच. कानशीने घासताना, मुशीत आटवताना थोडं जातंच. म्हणून तर झारेकरी कारखान्याचा केरसुद्धा विकत घेऊन धुतात. पण दीड ग्रॅम घटीत बसवता येईना. आपल्याकडच्याने सगळ्यांसमोर बंगाल्याचं नाव घेतलं. त्याच्या मजुरीतून तेवढी रक्कम कापली गेली. तो काही बोलला नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरलं तेव्हा कारखान्यात गुडघाभर गाळ होता. सोनाराच्या कारखान्यातला गाळ फावड्याने बाहेर फेकता येत नाही, परातीत घेऊन धुवावा लागतो. दोघं शेजारी बसून चार दिवस गाळ धूत होते. चौथ्या दिवशी फरशीच्या फटीतून खरवडलेल्या चिखलात तारेचा एक वाकडा तुकडा चमकला. काट्यावर ठेवला, तर दीड ग्रॅमला जरासा कमी. ज्याने आळ घेतला होता त्याने तो तुकडा तळहातावर घेऊन दुसऱ्यापुढे धरला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्याने तुकडा उचलला आणि म्हणाला, "वहीत जमा करा."

त्यानंतर दोघांचा डबा एक झाला. एकदा तेजाबाने एकाची बोटं भाजली, तेव्हा दुसऱ्याने रात्री जागून त्याचा राहिलेला माल पुरा केला आणि मजुरी त्याच्या नावावर लिहायला लावली. पुढे दोघांनी मिळून एक खोली घेतली. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. पेठेला ते कळत होतं, पण कोणी तोंडाने म्हणत नव्हतं.

मग कोणीतरी त्या खोलीच्या खिडकीतून फोटो काढला आणि तो फोनाफोनांतून फिरला. कारखानदार माझ्याकडे आला. "काय करू, शेठ?" म्हणाला. मी म्हणालो, "कारखाना तुझा, तुझं तू बघ." तिसऱ्या दिवशी दोन्ही बैठका रिकाम्या होत्या. कानशी, चिमटे, फुंकणी तिथेच टाकून दोघं निघून गेले होते.

मी त्यांना शिवी दिली नाही, हाकलून दिलं नाही. गप्प बसलो, आणि तेवढं पुरलं. दोघांचं काय होणार हे बहुतेक वेळा तिसरा माणूस ठरवतो. मालक, शेजारी, मामा, मित्र, जो कोणी असेल तो. म्हणून त्या तिसऱ्या माणसाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि चौथी अशा दोघांना.

पहिली गोष्ट कायद्याची. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. आमच्या त्या महापुराच्या अकरा महिने आधी हे झालं होतं, आणि मला ते माहीत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं ३७७ कलमच नाही. उलट असा फोटो दाखवून पैसे मागणं ही खंडणी आहे, आणि ती याच संहितेच्या ३०८ कलमाखाली गुन्हा आहे. असं कोणावर आलं तर पैसे देऊ नका. मेसेज पुसू नका, ते पुरावा असतात. सोबत एक माणूस घेऊन पोलिसांत जा. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मदत मिळते.

कॅमेरा काय करू शकतो, याचा एक दाखला आपल्याच भाषेतला आहे. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. आठवड्याच्या आतच, ७ एप्रिलला, ते घरात मृतावस्थेत सापडले. न्यायालयाचा आदेश हातात असूनही माणूस एकटा पडू शकतो. त्याच्या बाजूने उभं राहायला जवळचं माणूस लागतं.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातल्या मालकांसाठी. आपण लाखोंचा माल पावतीशिवाय कारागिराच्या हातात देतो. ज्याला आपलं गुपित फुटेल म्हणून रात्रंदिवस धास्ती आहे, त्याला कोणीही धमकावू शकतं. तुमच्याकडे तो निर्धास्त असेल, तर तुमचा मालही निर्धास्त राहील. कामात चूक झाली तर कामाबद्दल बोला. खोलीत कोण कोणाबरोबर राहतं, याचा मजुरीशी संबंध नाही. आणखी एक ध्यानात घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा स्त्रियांसाठी आहे. पुरुष कारागिराला चिडवलं, त्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल केली, अंगचटीला गेलं, तर त्याला त्या कायद्याचा आधार नाही. म्हणून आपल्या कारखान्यात हे चालणार नाही, हे मालकानेच एकदा सगळ्यांसमोर सांगायला हवं.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, या दुष्काळी भागांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या कामासाठी देशभर गेली. परक्या गावात एका खोलीत सोनं-चांदी आटवायची, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. ती पोरं यात्रेला गावी आली की आपण मुलगी दाखवतो आणि आठ दिवसांत सुपारी फोडतो. मुलगा पुन्हा पुन्हा टाळत असेल तर एकदा त्याला शेतावर घेऊन जा आणि शांतपणे विचारा. तो जे सांगेल ते ऐकून घ्या. त्या दिवशी उत्तर दिलं नाही तरी चालेल, हात मात्र उगारू नका. आणि "लग्न झालं की होईल सुरळीत" म्हणून बार उडवू नका. त्यात एका मुलीचं आयुष्य जातं. आपलं काय चुकलं, हे तिला कधीच कळत नाही. ती पण कोणाची तरी लेक आहे.

देवऋष्याकडे नेऊ नका, 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही नको. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली, आणि असा 'उपचार' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे. मन फारच बेचैन झालं तर १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. तो मुलासाठी आहे, तसा आईबापांसाठीही आहे. मराठीत वाचायचं असेल तर बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' कादंबरी आहे. ती आधी तुम्ही वाचा.

चौथी गोष्ट अशा दोघांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी, कारण हा कागद तुमच्याही हाती पडेल. भांडणातून प्रेम होतं, मी ते पाहिलं आहे. पण तिथे आळ घेणाऱ्याने आधी तो तुकडा पुढे धरून चूक कबूल केली होती. जो अजून चारचौघांत तुमचा पाणउतारा करतो आणि एकांतात गोड बोलतो, त्याच्या त्या बोलण्याला प्रेम समजू नका. तुमची मजुरी ज्याच्या हातात आहे त्याला नकार देणं अवघड असतं. वरच्या जागेवर असलेल्याने हे स्वतःहून ओळखावं आणि दोन पावलं मागे राहावं. समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य केला नाही. म्हणून कागद तुम्हालाच करावे लागतील. बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मृत्युपत्र करा. पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं सोनं कोणाला जावं, हे तुमच्या सहीने ठरू द्या.

ते दोघं आता कुठे आहेत, मला ठाऊक नाही. त्यांची हत्यारं मी कारखान्यातून मागून आणली. तेल लावून एका पेटीत ठेवली आहेत. कधी आले तर त्यांची त्यांना देईन, आणि त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते बोलेन.

तुमच्यावर ती वेळ यायच्या आधी एवढंच करा. उद्या कोणी हसत हसत फोन पुढे करेल, "हे बघा, तुमच्याकडची दोघं" म्हणेल. फोन हातात घेऊ नका. फोटो पुढे पाठवू नका. त्याच्या डोळ्यांत बघून, बाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: "पुसून टाक तो फोटो. ती माझी माणसं आहेत."