प्रवरेच्या उगमाकडे थोडा काळोख राहू द्या

मा. वनाधिकारी, वन्यजीव विभाग, नाशिक यांस,


मेअखेरचा शनिवार होता. रात्री शेंडीहून उडदावण्याकडे निघालो आणि वाटेतच अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या. कडेच्या हिरड्यावर काजवे लागले होते, पण नव्या गाडीचा झोत पडला की नुसती हिरवी पानं दिसायची. झोत गेल्यावरही झाड बराच वेळ विझलेलंच. एका मुलाने फांदी हलवली, पडलेले काजवे बाटलीत भरले. बापाने त्याचा व्हिडिओ काढला. मी काही वेगळा नव्हतो. त्या रांगेत माझीही गाडी होती.

काजवा चमकतो तो जोडीदारासाठी. नर उडता उडता खूण करतो, मादी बहुधा खाली गवताझुडपात बसून उत्तर देते. मध्ये हेडलाइट आला की हा निरोप पोचत नाही, आणि फोटोसाठी चार पावलं आत शिरणाऱ्याचा पाय नेमका तिच्यावर पडतो. पंख फुटल्यावर काजव्याच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. त्याआधीचे कित्येक महिने अळीने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढलेले. म्हणजे राखायचं ते नुसतं झाड नव्हे, झाडाखालची ओलसुद्धा. आणि सपाट जागा दिसली की आपण नेमकी तिथेच गाडी लावतो.

ही ओल प्रवरेच्या माहेरची. रतनगडाच्या कुशीत उगम पावून, रतनवाडीच्या अमृतेश्वराला वळसा घालून ही नदी 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणात थांबते, पुढे रंध्याला कोसळते आणि अकोले, संगमनेर करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. खाली तिच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. आपल्या जिल्ह्यात एकीकडे टँकरची वाट पाहणारी गावं आणि दुसरीकडे घाटघर, जिथे पाऊस मोजणाराही कंटाळावा! या वरच्या अंगाला 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं संरक्षण आहे. कागदावर तरी.

हॉर्न वाजवू नका, दिवे मंद ठेवा, झाडांजवळ जाऊ नका, अशा सूचना तुमच्याकडून निघतात, हे मान्य. पण शेकडो गाड्या एकामागे एक आत सोडल्यावर दिवे मंद करणार तरी कोण? सूचनांची कमतरता नाही, कमी करायच्या आहेत त्या गाड्या.

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात काजव्यांच्या दिवसांत वाहनांचे परवाने सोडत काढून देतात आणि टॉर्चला रंगीत कागद लावायला सांगतात. मलेशियात सेलांगोर नदीकाठी काम्पुंग कुआंतानला हाताने वल्हवायच्या होड्यांतून काजवे दाखवतात. तिथली झाडं पाण्याच्या कडेलाच उजळतात, म्हणून होडी. आपल्याकडे पायवाट आहे.

शेंडीलाच बाहेरच्या गाड्या थांबवा. पुढे गावातल्याच जीपगाड्या, मोजक्या फेऱ्या, आणि शेवटचा तुकडा दहा-बारा जणांनी वाटाड्यामागे चालत. गावकऱ्यांच्या येण्याजाण्याला, दवाखान्याच्या गाडीला अर्थात आडकाठी नको. पर्यटक कमी झाले तर आमचं पोट कसं भरायचं, असं मुतखेल, पांजऱ्याची माणसं विचारतील. प्रश्न रास्तच आहे. वर्षभरातली मोठी कमाई काजव्यांच्या या चार आठवड्यांत होते. तंबू, पिठलं-भाकरी, गाडीभाडं सगळं त्यावर. म्हणूनच जीप आणि वाटाड्याचे पैसे गावातच राहिले पाहिजेत. आजच्या गर्दीत नाक्यावर पावती फाटते, आणि सकाळी बाटल्या, पत्रावळ्या उचलायला गावच उरतं. शिवाय दरवर्षी एखादा पट्टा पूर्ण बंद ठेवा, कोणीच जाऊ नये असा.

जोराचा पाऊस लागला की हा खेळ संपतो, म्हणून आकडा आधीच ठरायला हवा. शनिवारी किती फेऱ्या आत जातील, हे मे उजाडण्याआधी जाहीर करा, आणि जागा सोडतीने द्या. माझं नाव सोडतीत आलं नाही तर पुढच्या साली येईन. आलं, तर गाडी शेंडीला लावून चालत येईन, टॉर्चला लाल कागद बांधून.

आपला,
अकोले तालुक्यातला एक रहिवासी